फीबीची चाकोरी

थांबा, जावईबापू, गाडी इथेच लावा. यापुढे चाक नेत नाहीत. नकाशात रस्ता सरळ दाखवलाय ना? दाखवू दे. नकाशावाल्यांना काय कळतंय! लँगली गावची माणसं इथवर येतात, गाडी वळवतात आणि दोन मैलांचा वळसा घालून पलीकडे जातात. मी चाळीस वर्षं या नेब्रास्कात काढली. आमचे हे इथल्या गुराढोरांचे डॉक्टर, अडलेल्या गाईसाठी बर्फातसुद्धा धावायचे, पण त्यांनीही कधी इथून गाडी घातली नाही.

अनघा, उतर, समोर बघ. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला मका आणि मधोमध हा गवताचा पट्टा. आपल्या गावच्या पांदीपेक्षा दुप्पट रुंद, आणि लांब किती, तर नजर पोचत नाही. जमीन अशी, की मूठभर दाणे फेकले तरी पोतंभर पिकेल. तरी इथे आजवर नांगर लागलेला नाही. तुम्ही शहरातली माणसं, तुम्हाला गवत दिसतं. शेतकऱ्याला विचारा, तो पोती मोजायला लागेल.

ही जमीन मुळात इथल्या पॉनी आदिवासींची. ती त्यांच्याकडून कशी गेली ती गोष्ट वेगळी, आणि लाजेची. आज सांगायची ती टटल घराण्याची. दीडशे वर्षांपूर्वी, त्याहूनही थोडं आधी, पूर्वेकडची माणसं बैलगाड्या जुंपून पार पश्चिम टोकाला, ओरेगॉनला निघायची. चार-सहा महिन्यांची वाट. सरपण नाही, म्हणून रानगव्यांच्या शेणाच्या गोवऱ्या वेचायच्या आणि त्यावर भाकरतुकडा भाजायचा. अशाच एका तांड्यात जोएल टटल होता, त्याची बायको लव्हिना आणि दोन पोरं. थोरला ओरिन आठ वर्षांचा, धाकटी फीबी चारची. फीबी म्हणे फार बोलकी. बैलांशी बोलायची, चाकांशी बोलायची, रागावली की आपल्या बुटांशी भांडायची.

इथे नदीकाठी तांड्यात पटकी शिरली. सकाळी खेळणारं माणूस संध्याकाळी नाही, असा तो आजार. फीबी गेली.

आता ऐका, त्या वाटेवरची रीत काय होती. मेलेल्याला बाजूला पुरलं तर लांडगे-कोल्हे उकरून काढायचे. म्हणून पुरायचं ते चाकोरीतच, जिथून गाड्या जातात तिथे. वर दगड नाही, खूण नाही. मग तांड्यातली एकूण एक गाडी त्यावरून न्यायची, की माती दाबून दगडासारखी व्हावी आणि वासही वर येऊ नये. निर्दयपणा नव्हता तो. तेवढीच माया त्यांच्या हातात होती. पण पहिली गाडी घरच्यांची असावी लागे. पहाटे जोएलने स्वतः बैल हाकले. लव्हिना पुढे चालत राहिली, तिला मागे बघू दिलं नाही. ओरिन गाडीत बसला होता. जमीन सपाट होती, धक्का बसायचं कारण नव्हतं. पण तो म्हातारा होईस्तोवर सांगायचा, मला धक्का बसला.

पुढे ओरेगॉनात त्यांचं बस्तान बसलं, जोएल वारला, ओरिन कर्ता झाला. लव्हिनाच्या तोंडी मात्र एकच. माझ्या लेकीच्या उरावरून चाकं गेली, आणि कुठे ते मला दाखवता यायचं नाही. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, बाई. पोर गेलं तर आई निदान मातीवर हात तरी ठेवते. हिला तेही नाही.

मग सरकारने जाहीर केलं, पाच वर्षं राहून जो जमीन कसेल त्याची ती होईल. सगळे पश्चिमेला धावत होते, ओरिन उलटा फिरला. नदीचं वळण आणि दोन जुळ्या टेकड्या एवढंच त्याला आठवत होतं. त्या दिसल्या तिथे त्याने खुंट्या ठोकल्या, मुळांसकट मातीचे चौकोन कापून विटांसारखे रचले, घर उभं केलं. हॅना नावाच्या गुणी मुलीशी लग्न केलं. जुनी चाकोरी त्याच्या जमिनीतून आरपार जात होती. तेवढी सोडून त्याने बाकी सगळं नांगरलं. रोज संध्याकाळी तो त्या चाकोरीत चालायचा, असं सांगतात. शोधायचा. पण माती काय बोलते होय?

मग टोळधाड आली. उभं पीक तर गेलंच, हत्यारांचे लाकडी दांडेसुद्धा कुरतडले म्हणे. पोरांच्या बरगड्या दिसायला लागल्या. हॅना वाईट नव्हती हं, पण तीही आईच. ती म्हणाली, "मेलेलीसाठी केवढी जमीन ठेवायची, आणि जितीजागती काय खातील?" ओरिन उठला. तो बैल घेऊन लांबच्या कड्यांकडे गेला, तिथून एक दगड ओढून आणला, कारण या मुलखात खडासुद्धा मिळत नाही. त्यावर स्वतः छिन्नीने 'फीबी' कोरलं, चाकोरीत मनाला येईल तिथे तो रोवला आणि आईला निरोप धाडला, सापडली, ये.

लेकाच्या मनात दोन्ही होतं. आईला जागा मिळावी आणि जागा एकदा ठरली की बाकीचं नांगराखाली घ्यावं.

लव्हिना आली. वय झालेलं, बोटीतून, घोडागाडीतून, नव्याने सुरू झालेल्या आगगाडीतून, हाडं खिळखिळी करून आली. ओरिनने तिला विहीर दाखवली, गाई दाखवल्या, नातवंडं मांडीवर दिली, पोटभर जेवू घातलं आणि दुसऱ्या दिवशी दगडापाशी नेलं. तिने बूट काढले, दगडाला मिठी मारली आणि हंबरडा फोडला. चार-पाच दिवस ती तिथून हलेना. आजूबाजूच्या वस्तीवरच्या बाया येऊन बसायच्या, त्याही आपापल्या माणसांसाठी रडून घ्यायच्या. एकीचं तान्हं वाटेत गेलेलं, एकीचा भाऊ.

शेवटी एका सकाळी म्हातारी गोठ्यापाशी आली. ओरिन नांगराच्या फाळाला धार लावत होता. ती जवळ बसली आणि म्हणाली, "ओरिन, ती जागा ही नव्हे."

त्याचा हात थांबला. "तुला ओळखू आली जागा?"

"नाही रे. पण मी तुला ओळखते. जागा खरी असती तर तू मला उतरल्याबरोबर तिथे नेलं असतंस. गाई काय दाखवत बसलास! लहानपणीही खोटं बोलायचं असलं की आधी दुसरंच काहीतरी दाखवायचास."

ओरिनने फाळ खाली ठेवला. "मग इतके दिवस रडलीस कशाला?"

"इतकी वर्षं मला रडायला बसायला जागा नव्हती. तू दिलीस. देव तुझं भलं करो." मग तिने फाळावर हात ठेवला. "आता त्या दगडावरचं नाव काढ."

"का?"

"नाव राहिलं तर तू उरलेलं नांगरशील, आणि ती उरलेल्यात आहे. शेजारणींची पोरंही असतील. तुझ्या बापाने तिच्यावर गाडी घातली ती कोल्ह्यांपासून वाचवायला. इथे आता कोल्हे कुठे राहिलेत, बाळा? आपणच आहोत."

आठ वर्षांच्या पोरासारखा ओरिन आईच्या मांडीत डोकं घालून रडला म्हणतात. हॅना दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. आत गेली आणि छिन्नी-हातोडा घेऊन बाहेर आली. त्या वर्षी टटलांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून कंदमुळं खाल्ली, एकमेकांचं धान्य वाटून घेतलं आणि कसाबसा हिवाळा काढला. कुणाचं पोर दगावलं नाही. पट्ट्यात शेजाऱ्यांनीही पुन्हा चाक घातलं नाही. लव्हिना परत गेलीच नाही. गावच्या दफनभूमीत आहे ती. पट्ट्यात पुरा असं कुणीतरी म्हणालं होतं, तिने जिवंतपणीच बजावलं, तिथे कुदळ मारू नका, लागेल कुणाला तरी.

मध्यंतरी विद्यापीठाची माणसं जमिनीखालचं बघायचं यंत्र घेऊन आली. दोन दिवसांत शोधून देतो म्हणाली. टटलांच्या घरची सध्याची थोरली सून माझी मैत्रीण. तिने त्यांना कॉफी पाजली, केक दिला आणि हसत वाटेला लावलं. मी विचारलं, "अगं, का?" ती म्हणाली, "एक सापडली की बाकीच्यांवर नांगर फिरेल."

आजही कापणीच्या दिवसांत घराएवढं यंत्र घरघरत या काठाशी येतं, तोंड वळवतं आणि माघारी जातं. दरवर्षी नवे गडी येतात, कुणी मेक्सिकोचा, कुणी कुठला. हा सगळा इतिहास त्यांना कोण सांगत बसणार? पहिल्या दिवशी मालक त्यांना इथे आणतो, पट्ट्याकडे बोट करतो आणि हळू आवाजात एवढंच सांगतो, इकडे चाक आणू नकोस, पोर निजलीय.