एका शब्दाची परवानगी

"एका शब्दासाठी एवढ्या लांब आलास?" फान गुरुजींनी विचारलं.

"शब्द एकच आहे, गुरुजी. पण तुमच्या घरातला आहे."

बोलणारा थान वेईमिन. चीनमधला नावाजलेला कादंबरीकार. मूळचा सिमेंट कारखान्यातला, लाउडस्पीकरवरून कामगारांना बातम्या वाचून दाखवणारा. एक दिवस बातम्यांऐवजी त्यानं स्वतःची गोष्ट वाचली, आणि जेवणाची सुट्टी संपली तरी कोणी उठलं नाही म्हणतात. पुढे सात कादंबऱ्या, अकरा भाषांत अनुवाद, लेखक संघाचं उपाध्यक्षपद, दाराशी गाडी. मी बटणांच्या खरेदीला तिकडे जातो; हे मला त्याच गावच्या एका बटणवाल्यानं चहा पाजता पाजता सांगितलं.

नाव झालं ते पहिल्या कादंबरीनं. तीत साठ सालचा दुष्काळ होता आणि गुरुजींची बायको, माई, होती. शेजारच्या पाच वर्षांच्या वेईमिनला ती आपल्या वाटची पेज पाजत राहिली आणि ऐन हिवाळ्यात स्वतः उपाशी मेली. खरीच गोष्ट. पण वरून बंदी आली; नऊ वर्षं झाली, पुस्तक दुकानांत मिळत नव्हतं.

"आता पुन्हा छापतो म्हणतात," थान म्हणाला. "फक्त माई भुकेनं गेल्या असं नको. आजारानं गेल्या, एवढंच. बाकी एक ओळ हलणार नाही."

"आणि मी नको म्हटलं तर?"

"तर पुस्तक संपलं. आजची पोरं मला ओळखतसुद्धा नाहीत, गुरुजी."

गुरुजींनी पुस्तक मागून घेतलं. पान शोधायला वेळ लागला नाही. पेन काढलं आणि तो शब्द त्यांनी स्वतःच खोडला.

थानचा जीव भांड्यात पडला. तो नमस्काराला वाकला, तोच...

"कोणता आजार?"

"अं?"

"नाव नको का त्याला? वाचणारा विचारेल."

"दमा चालेल."

"म्हणजे खोकायची."

"हो, पहाटे पहाटे. तुम्ही पाठ चोळताय..."

"मी?"

"तुम्हीच. आणि हिवाळा नको, वसंत करू. बाहेर जर्दाळू फुललेत. मी खिडकीशी उभा. माई खुणेनं जवळ बोलावतात..." थान रंगात आला होता. आवाज थेट लाउडस्पीकरच्या दिवसांतला.

"घरात पेज असेल?"

"आहे ना. चुलीवर, वाफाळती. तुम्ही वाडगं पुढे करता आणि त्या म्हणतात, मला भूक नाही."

"ते ती म्हणायचीच," गुरुजी म्हणाले.

थाननं खोडलेल्या शब्दावर बोट ठेवलं.

तो म्हणाला, "राहू दे, गुरुजी. नको छापायला."

"का रे? चांगलं जमलंय." गुरुजींनी पुस्तक मिटून त्याच्या हातात दिलं. "फक्त त्यात मला थोडं रडव. तेव्हा अंगात तेवढी ताकद नव्हती."