शिळ्या पाण्यातले कमळ

माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकते आणि शब्दही घरातलेच आहेत. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

एका विहारात सुगुप्त नावाचे वृद्ध स्थविर आजारी होते. सुप्रिय नावाचा तरुण भिक्षु त्यांची सेवा करी. सेवा इतकी मनापासून, की म्हाताऱ्याला घटकाभर डोळा लागू देत नसे. पांघरूण सारखे करी, पाणी बदली आणि पुन्हा पुन्हा विचारी, "भंते, आता कसे वाटते?" शेवटी स्थविर म्हणाले, "बाळा, तू विचारलेस की मला आजार आठवतो."

सुप्रिय खाली मान घालून शास्त्यांपाशी, म्हणजे भगवंतांपाशी आला. त्याचे ऐकून शास्ता म्हणाले, "तुझे हात पूर्वीही असेच होते," आणि त्यांनी मागची गोष्ट सांगितली.

फार पूर्वी मंदारनगरीत जयसेन राजाचे राज्य चालू असताना बोधिसत्त्व कुंभाराच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव सोमिल. त्याच्याच आळीच्या टोकाला वासुल नावाचा म्हातारा पाणक्या राहत असे. चाळीस वर्षे वासुलाने पहाटे उठून देवळातले रांजण उपसले, धुतले आणि विहिरीच्या ताज्या पाण्याने भरले. देवाला शिळे पाणी चालत नाही, एवढे एकच शास्त्र त्याला येत होते, आणि ते त्याने कधी मोडले नाही.

त्याची बायको रेवती अंथरुणाला खिळली होती. तिचे माहेर एका तळ्याकाठी होते. वैद्याने वासुलाला दाराबाहेर नेऊन सांगितले, "पुढचा पावसाळा ती पाहील असे दिसत नाही." त्याच दिवशी रेवती म्हणाली, "अहो, एकदा कमळ बघायचं होतं. देवाला वाहिलेलं नको, पाण्यात उभं असलेलं."

तिच्या भावाने माहेरच्या तळ्यातून कमळाचे तीन कंद आणून दिले. वासुलाने पहिला कंद घागरीत लावला आणि रोज पहाटे पाणी बदलू लागला. आठ दिवसांत कंद कुजला. दुसऱ्याच्या वेळी त्याने जास्तच काळजी घेतली, दिवसातून दोनदा पाणी बदलले. तो सहा दिवसांतच गेला. आता एकच कंद उरला. दोष भांड्याचाच असणार, असे ठरवून तो सोमिलाकडे गेला.

सोमिल त्याच्याबरोबर घरी आला. त्याने घागरीत हात घातला आणि लगेच बाहेर काढला.

"बाबा, हे पाणी कधीचं?"

"आज पहाटेचं. माझ्या घरात शिळं पाणी सापडणार नाही."

आतून रेवती म्हणाली, "मलासुद्धा शिळं होऊ देत नाहीत. रात्रीतून चारदा उठवून विचारतात, झोप लागली का म्हणून!"

सोमिल हसला. मग वासुलाजवळ बसून हळूच म्हणाला, "विहिरीच्या गार पाण्याने कंद दर पहाटे गारठतो. मूळ धरायला जातो, तोवर तुम्ही माती हलवता. याला पसरट भांडं हवं, तळाशी घट्ट चिकणमाती, वर वीतभर पाणी, आणि दिवसभर ऊन. पाणी आटेल तेवढंच वरून सोडायचं, तेही उन्हात तापलेलं."

"आणि मी काय करायचं?"

"काही नाही."

"ते मला जमत नाही रे," वासुल म्हणाला.

सोमिलाच्या आव्यातून, भांडी भाजायच्या भट्टीतून, त्या वर्षी एकच मोठे कुंडे न तडकता निघाले होते. राजाच्या उद्यानपालाने ते पाहिले आणि तो म्हणाला, "हे वाड्यावर पोचव. यापुढे वाड्याची सगळी भांडी तुझ्याकडून घेऊ."

"हे दिलेलं आहे."

"कोणाला?"

"पाणक्याला."

"मग वाड्याचं काम दुसऱ्या कुंभाराकडे जाईल."

"जाऊ दे," सोमिल म्हणाला, आणि कुंडे डोक्यावर घेऊन वासुलाच्या अंगणात आला. रेवतीच्या दारातून दिसेल अशा जागी त्याने ते ठेवले, कंदाचे टोक वर राखून तो मातीत आडवा पुरला, आणि डास होऊ नयेत म्हणून दोन मासोळ्या सोडल्या. जाताना म्हणाला, "बाबा, पहाटे हात शिवशिवले की माझ्याकडे या. माती तुडवायला माणूस नाही."

वासुल रोज पहाटे देवळाचे रांजण भरून आला की घागर उचलायचा, खाली ठेवायचा, आणि जाऊन माती तुडवायचा.

पाणी हिरवे झाले. त्याला वास येऊ लागला. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काय हो, देवळाचे पाणके तुम्ही, आणि दारात डबकं?"

वासुलाला ते फार लागले. त्याने दोन्ही हातांनी कुंड्याचा काठ धरला. आता हे उपसून टाकायचे, तोच आतून हाक आली.

"अहो, कुठून येतोय हा वास?"

"उपसतोच आहे, रेवती."

"नका उपसू. आमच्या तळ्याला असाच वास यायचा."

वासुलाने हात काढून घेतले. काठाशी बसून तो खूप वेळ रडला.

महिन्याभरात पाण्यावर गोल पाने टेकली, मग काही पाने देठावर उभी राहिली. ज्येष्ठात एका सकाळी रेवतीने डोळे उघडले तेव्हा दारासमोर कमळ फुललेले होते. तिने ते तीन दिवस पाहिले. तिसऱ्या दिवशी पाकळ्या गळल्या. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही, पण त्या दिवसांत वासुलाने तिला एकदाही झोपेतून उठवले नाही.

शास्ता म्हणाले, "तेव्हाचा वासुल म्हणजे तू, सुप्रिया. रेवती म्हणजे आजचे सुगुप्त. कुंभार सोमिल मीच होतो. माया सर्वांनाच येते. तिला थांबायला शिकवणे, याला क्षांती म्हणतात."

दुसऱ्या दिवशी पहाटे सुप्रियाने पाण्याचे भांडे उचलले. स्थविर झोपलेले होते. त्याने भांडे त्यांच्या हाताशी ठेवले आणि तो बाहेर आला. विहारामागे नव्या कुटीच्या भिंतीसाठी माती भिजत पडली होती. तो ती तुडवत राहिला. उन्हे वर आल्यावर आतून हाक आली, तेव्हा तो पाय धुऊन आत गेला, जवळ बसला, आणि त्याने काहीच विचारले नाही.