डोंगरूच्या आंघोळीची घंटा

गोजराच्या घरी गूळ टोपलीभर यायचा, पण तो सगळा डोंगरूचा. डोंगरू म्हणजे राजाचा लढाईतला हत्ती आणि गोजराचे बाबा त्याचे माहूत. बिनआईची गोजरा कोरडी भाकरी खायची. बाबांची पाठ वळली की डोंगरू सोंडेने गुळाचा खडा हळूच तिच्या परकरात टाकायचा.

नदीच्या दोन्ही काठांवरच्या माहुतांसारखे बाबाही रोज सकाळी एक इवलीशी पितळी घंटा वाजवायचे. ती किणकिणली की डोंगरू थेट नदीत जाऊन आडवा व्हायचा. पण हल्ली घंटा बंद होती. उद्या नदीपलीकडच्या राजाशी लढाई होती. लढाईआधी हत्तींना आंघोळ घालायची नाही, म्हणजे ते खाजेने चिडून जोरात लढतात, अशी दोन्ही राज्यांची रीत होती.

डोंगरू मात्र चिडला नव्हता, रडवेला झाला होता.

"बाबा, उद्या तुम्हाला काही झालं तर?"

"मला काय होतंय? खाली एवढा हत्ती आहे की!" बाबा हसले. पण तिची वेणी त्यांनी तीनदा घातली आणि तीनदा सोडली.

संध्याकाळी गोजराने डोंगरूला राजाच्या बागेतल्या तळ्यावर पाणी पाजायला नेलं. गुलाबी कमळं, सोनेरी लाटा, निळे निळे चतुर! डोंगरूने सोंडेत पाणी ओढलं आणि... फाँऽऽक्! शिंकेसरशी बोटभर परी बाहेर पडली.

"शी! केवढा हा शेंबूड!"

"रागावू नकोस गं परीताई, त्याने मुद्दाम नाही केलं." गोजराने ओढणीच्या टोकाने तिला पुसलं, फुंकर घालून तिचे चंदेरी पंख वाळवले.

परी खुदकन हसली. "गुणाची गं माझी बाय! एक इच्छा माग. फक्त ती माझ्या मुठीत मावली पाहिजे."

"लढाई थांबव!"

"अगं, लढाई केवढी, माझी मूठ केवढी! खडीसाखर मावेल बघ."

गोजराच्या तोंडाला पाणी सुटलं. तिने ते गिळून टाकलं. "घंटेचा आवाज मावेल? उद्या सगळ्या हत्तींना ऐकू जाऊ दे. तिकडच्यासुद्धा."

दुसऱ्या दिवशी ढोल वाजले, नगारे धडाडले. डोंगरूवरच्या अंबारीतून राजा ओरडला, "हल्ला!"

किणकिण, किणकिण!

सगळ्या हत्तींनी कान टवकारले. इकडचे हत्ती धावले, तिकडचे धावले आणि मधल्या नदीत धबाधब आडवे झाले. राजे, सरदार, भाले, सगळे पाण्यात! सवयीने माहूत हत्ती घासायला लागले.

"अरे, त्याला उठव!" राजा नाकातोंडातलं पाणी काढत ओरडला.

बाबा म्हणाले, "महाराज, कान घासल्याशिवाय हा उठायचा नाही. एक कान तुम्ही घ्या."

काय करतो? राजा घासायला लागला. शेजारी पलीकडचा राजाही आपल्या हत्तीचा कान घासत होता.

"तुमच्याकडे घासायला जास्तीचा काथ्या आहे का हो?" त्याने विचारलं.

काथ्या दिला. मग एकमेकांच्या ओघळलेल्या मिशा पाहून दोघांना असं हसू फुटलं, की लढाईचं नाव कुणी काढेना. हत्ती तर दुपारपर्यंत उठलेच नाहीत.

बाबा चिंब भिजून घरी आले. गोजरा त्यांना बिलगली. तेवढ्यात परी तिच्या तळहातावर उतरली.

"स्वतःसाठी काहीच मागितलं नाहीस ना? मूठ मीट."

झुळझुळ सोनेरी उजेड पसरला आणि त्यात परी विरघळून गेली. गोजराने मूठ उघडली, तर आत खडीसाखरेचा लखलखीत खडा!

तोच मागून सोंड आली आणि खडा गट्ट!

"डोंगऱ्या!" गोजरा ओरडली. पण पुन्हा मूठ मिटून उघडते, तर दुसरा खडा. तो तिने बाबांना भरवला. तिसरा आला, तो मात्र तिने पटकन आपल्या तोंडात टाकला.