अस्वलाचे आसव आणि साळूची गुळवेल

मोहाची झाडे जिथे दाट होतात, त्या रानाच्या टोकाला एक अस्वल राहत असे आणि त्याच्या शेजारच्या बिळात एक काटेरी साळू. चैत्रात मोह गळू लागला, की दोघे मिळून घडाभर आसव आंबत घालीत. (आसव मोठ्यांचे, बरं का मुलांनो, तुम्ही आपले ताक प्या!) फुले वेचायची अस्वलाने आणि घड्यात गुळवेलीचा कडू तुकडा सोडायचा साळूने. "नुसतं गोड असलं ना दादा, की दुसरा घोट नकोसा होतो," ती म्हणे.

अस्वलाची मात्र एक खोड होती. चव पाहायला येताना ते हटकून पोळ्यातला मध चाटून येई. मधाने माखलेल्या जिभेला सगळे कडूच लागणार! दरवर्षी ते तोंड वाकडे करी. एकदा तर साऱ्या रानासमोर म्हणाले, "साळूताई, तुझ्या मनातलंच कडू उतरतंय घड्यात." दुसऱ्या दिवशी साळूचे बीळ रिकामे होते.

पुढच्या चैत्रात अस्वलाने गुळवेलीला हातही लावला नाही. आसव असे गोडमिट्ट झाले, की माकडांनी एकेक घोट घेऊन काढता पाय घेतला. अस्वलाला साळूची फार आठवण येऊ लागली. तिच्या हातचे तेच कडू पुन्हा प्यावे, असे वाटून त्याने पुढच्या खेपेला आठवत होते तेवढे कडू घातले, म्हणजे वेलीचा भाराच! घोट काही घशाखाली उतरेना.

"एवढं कडू ती कशी घालत होती?" त्याने मोहाच्या फांदीवर घुमणाऱ्या होल्याला विचारले.

"ती बोटभरच घालायची. मध चाटून तू यायचास," होला म्हणाला. अस्वल मटकन खाली बसले आणि ढसाढसा रडले.

त्यानंतरच्या वर्षी त्याने मधाला तोंड लावले नाही. बोटभर तुकडा घातला आणि होल्याने सांगितलेल्या वाटेने, घडा घेऊन नदीपलीकडे साळूच्या नव्या बिळाशी गेले. साळूने एक घोट घेतला, मग दुसरा. "छान जमलंय की, दादा! आता तुला माझी काय गरज?"

"आसवासाठी नाही गं आलो. चुकलं माझं. घरी चल, तुझ्यावाचून करमत नाही."

साळूचे डोळे भरून आले. पण बिळातून तिची पिल्ले हाका मारीत होती. "मी इथलीच झाले रे आता," ती हळूच म्हणाली. अस्वलाने घडा तिच्या दाराशी ठेवला आणि रिकाम्या हातांनी ते परत निघाले.

तात्पर्य : दुसऱ्याच्या हातचे कडू म्हणण्याआधी आपली जीभ धुऊन पाहावी; बिघडलेली चव पुन्हा साधते, पण दुखावून गेलेले माणूस परत येतेच असे नाही.