राणीच्या बोलीतले शब्द

फार फार मागच्या काळी डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. तिथलं धुकं इतकं दाट असे, की सकाळी माणसं एकमेकांना आवाजावरून ओळखत.

तिथल्या राजाने दूरच्या बेटावरची मुलगी राणी करून आणली. तिची बोली कुणालाच येत नव्हती. दोघं हातवाऱ्यांनी बोलत, हसत, आणि त्यांचं छान चाललं होतं. पण राणीला दिवस गेले, तेव्हा राजाने गावच्या सुईणीला, आवडाक्काला, बोलावून घेतलं.

"अक्का, बाळंतपणात हातवारे पुरायचे नाहीत," राजा म्हणाला. "अजून पाच महिने आहेत. तिची बोली शिका."

आवडाक्काने शेकडो बाळं जगात आणली होती. पण परकी बोली ती कधीच शिकली नव्हती. तरी ती हो म्हणाली.

वाड्यातल्या शास्त्रीबुवांकडे त्या बोलीची एक जुनी पोथी होती. ते एकेक शब्द सांगत, आवडाक्का मागून म्हणे. महिनाभरात तीनशे शब्द तिला ओळीने पाठ झाले.

मग ती राणीकडे गेली. राणीने कमरेवर हात ठेवून काहीतरी विचारलं. शब्द ओळखीचा वाटत होता, पण अर्थ आठवेना. आवडाक्का मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणत सुटली: डोळा, कान, खांदा... 'दुखणं'पर्यंत पोचली, तोवर राणी कंटाळून खिडकीशी जाऊन बसली होती.

परतताना आवडाक्काचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी राणीजवळच तळ्याकाठी बसू लागली. राणीने पाण्यात हात बुडवला आणि म्हणाली, "लूमा." आवडाक्कानेही हात बुडवला. "लूमा." थंडगार पाण्यासकट तो शब्द तिच्या बोटांत उतरला. फूल, सावली, हळूहळू वर येणारा मासा, सगळ्यांची नावं अशीच तिच्याकडे आली. एकट्या पडलेल्या राणीचा चेहरा उजळू लागला.

पण 'धीर' बोटाने दाखवता येत नाही. 'अजून थोडं थांब' तळ्यात तरंगत नाही. असे शब्द आवडाक्का शास्त्रीबुवांना विचारी आणि पहाटे जात्यावर बसून ओवीत गुंफी. पीठ झरत राही, दाराशी धुकं येऊन थांबे, आणि बेटावरचे शब्द तिच्याच चालीत फिरू लागत.

दिवेलागणीला ती कुणाला न विचारता दिवसभराचे शब्द आठवून बघे. जो निसटे, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारी, मग चार दिवसांनी पुन्हा. कधी स्वप्नात राणी काहीतरी सांगे, आणि आवडाक्काला ते सगळं समजे.

दिवस भरले. एका सकाळी राणीला कळा सुरू झाल्या. मूल पायाळू होतं. घाबरलेली राणी जोर लावू लागली. अवेळी लावलेल्या जोराने मूल अडकलं असतं.

"ताही," आवडाक्का तिच्या कानाशी म्हणाली. थांब. "सेरी, सेरी." श्वास घे, श्वास घे.

एकही शब्द शोधावा लागला नाही. ओवीच्या संथ लयीत ते बाहेर येत गेले, आणि त्या लयीत राणीचा श्वास शांत झाला. मग राणीने कुठे दुखतंय ते भराभर सांगितलं, आवडाक्काला ते कळलं, आणि तिचे हात नेमके तिथे गेले.

धुकं विरलं, तेव्हा राणीच्या कुशीत मुलगी होती.

थकलेल्या राणीने डोळे उघडले. "अक्का," ती हळूच म्हणाली, "पाणी."

आवडाक्का बघतच राहिली. हा शब्द तिने राणीला कधी शिकवला नव्हता. तळ्याकाठच्या त्या दुपारींत तो आपसूक राणीच्या ओठी गेला होता.

थोड्या दिवसांनी शास्त्रीबुवा पोथी घेऊन तळ्याकाठी आले. "राणीसाहेब, ही बोली मी जन्मभर वाचली, ऐकली मात्र कधीच नाही," ते म्हणाले. राणीने त्यांना पहिला शब्द म्हणायला लावला. उच्चार ऐकून ती खुदकन हसली, आणि मग तिने तो सावकाश दुरुस्त करून दिला.

तात्पर्य: परका शब्द नुसता पाठ करून आपला होत नाही, तो ऐकावा, हाताळावा, गुणगुणावा, पुन्हा पुन्हा आठवावा आणि माणसाशी बोलावा, तेव्हाच तो वेळेला धावून येतो.