तीन रेघांची वाटी

बाळांनो, खाडीला टेकून असलेल्या एका जंगलात, काठावरच्या वाकड्या माडावर, एक खार राहत असे. तिला तीन पिल्ले होती. खार मोठी नेमाची. सकाळचा पहिला दाणा ती माडाच्या बुंध्याशी ठेवी, उगवत्या सूर्याला हात जोडी आणि मगच स्वतः खाई. तिचा आणखी एक नेम होता. पिल्ले खाडीपलीकडे गेली, की ती सुखरूप परत येईपर्यंत तोंडात काही घालायचे नाही. तुम्हाला शाळेतून यायला उशीर झाला की तुमची आई ताट झाकून बसते ना, तसेच.

खाडीच्या मधोमध एक बेट होते आणि त्यावर जांभळीच जांभळी. ओहोटी लागली की काठापासून बेटापर्यंत वाळूची वाट उघडी पडे. लहान जनावरांनी त्या वाटेने जायचे, जांभळे खायची आणि भरतीच्या आत परतायचे. पण भरती मोठी लबाड. ती बेटाच्या पाठीमागून गुपचूप येई, आणि पाणी दिसे ते एकदम वाटेवर चढल्यावरच. सावली पाहून वेळ ठरवावी, तर जांभळांच्या दिवसांत आभाळ भरलेले. सावलीच पडत नसे. गेल्या साली सशाचे एक पोर असेच अडकले आणि ओंडक्याला धरून कसेबसे वाचले. तेव्हापासून बेटावर जाणे बंद झाले. त्यात यंदा वाऱ्याने काठावरचा सगळा मोहोर झाडून नेला होता. इकडे पोटाला काही नाही, आणि समोर बेटावर जांभळांचा सडा.

वेळ मोजायचे साधन नव्हते असे नाही. खाडीच्या चिखलातल्या तिवरांच्या झाडीपलीकडे एक म्हातारे कासव घटिकेच्या वाट्या करीत असे. पूर्वी लग्नात मुहूर्त पाहायला पाण्याने भरलेल्या घंगाळात एक छोटी वाटी सोडत, तशीच ही. वाटीच्या बुडाला बारीक भोक असते. त्यातून पाणी हळूहळू आत येते आणि वेळ भरली की वाटी बुडते. कासव ती जाड शिंपल्याची करी, काठाला कमळाच्या पाकळ्या कोरी आणि बुडाशी आपली खूण म्हणून एक शंख काढी. वाळू उघडी पडली की वाटी पाण्यावर सोडायची आणि ती बुडली की परत फिरायचे. कासवाची वाटी कधी चुकली नव्हती. पण वर्षाकाठी एखादीच तयार होई, आणि तिच्यासाठी अख्ख्या हंगामाचा मध द्यावा लागे. लहान जनावरांनी तो आणायचा कुठून? या काठावर अशी वाटी एकट्या मोराकडे होती.

खार मोराकडे गेली. "मोरदादा, ओहोटीपुरती वाटी द्याल का? पोरं अर्धपोटी झोपतात हो. मी जिवापाड सांभाळीन."

"आणि तिचं करणार काय?"

"पाण्यात सोडणार. दुसरं काय करतात तिचं?"

मोराने पिसारा सावरला. "खारूताई, ही वापरायची वस्तू नव्हे. ही जवळ असायची वस्तू आहे. चार जणांत सांगता येतं, आमच्याकडे कासवाची आहे म्हणून. पाण्यात घालून डाग पडला तर?" मग त्यालाही थोडे ओशाळल्यासारखे झाले असावे. "बघायची असेल तर रोज ये. येतेस तशी पुसूनही ठेव. पाकळ्यांमधे धूळ बसते, तिथे माझी चोच पोचत नाही."

खार रोज जाऊ लागली. शेपटीने वाटी पुसता पुसता तिला तिची एकेक पाकळी पाठ झाली. काठ कुठे वळतो, बूड कुठे सपाट होते, सगळे डोळ्यांत बसले. एक दिवस तिने गवताची काडी बुडाच्या भोकात घालून मापही घेतले. मागून मिळत नसेल तर करून बघावी, असे तिच्या मनाने घेतले होते.

माडाखाली करवंट्यांना काय तोटा? तिने एक चांगली जून करवंटी निवडली, दातांनी तासली, वाळूने घासली, पाकळ्या कोरल्या आणि काडीच्या मापाचे भोक पाडले. वाटी इतकी हुबेहूब उतरली की शेजारची मुंगूसमावशी बघतच राहिली. "अगोबाई, ही तर मोराचीच."

ही बातमी मोराला कळली आणि त्याचा पारा चढला. "करवंटी ती करवंटीच. उद्यापासून पुसायला येऊ नकोस." त्याने आपली वाटी उचलली आणि ढोलीत आत सरकवून ठेवली.

दुपारी कोल्हा आला. वाटी हातात फिरवून त्याने जिभल्या चाटल्या. "खारूताई, हात आहे तुला. फक्त बुडाशी एक शंख काढ. टेकडीपलीकडे कासवाची म्हणून खपवतो, तिथं त्याला पाहिलंय कोणी? तू पावसाळाभर बसून खाशील एवढं धान्य मी आणून देतो."

"पण ही कासवाची नाही हो, कोल्होबा."

"ते तुला ठाऊक आणि मला."

खारीने पिल्लांकडे पाहिले. धाकटे वाळलेले पान चघळत बसले होते. "उद्या सांगते," ती म्हणाली. बाळांनो, तिला मोह झाला नाही असे मी म्हणणार नाही. पोटच्या पोरांचे तोंड सुकलेले दिसले की कोणाचेही मन डगमगते.

दुसऱ्या दिवशी, कोणालाही बेटावर न पाठवता, तिने वाटी पाण्यावर सोडून पाहिली. वाटी छान तरंगली. तरंगतच राहिली. वाळूच्या वाटेवर पाणी चढले, वाट दिसेनाशी झाली, तरी ती आपली कमळासारखी डुलत होती. खारीच्या अंगावर काटा आला. आज पोरे पलीकडे असती तर?

तेवढ्यात कोल्हा उत्तर विचारायला आला. खार म्हणाली, "कोल्होबा, ही वाटी वेळेवर बुडत नाही."

"न बुडू दे. घेणारा कुठं पाण्यात सोडतोय? मोरानं सोडलीय कधी?"

"एखादी आई सोडेल की. शंखाकडे बघून विश्वासानं सोडेल. नाही, मला हे जमायचं नाही."

कोल्हा खांदे उडवून निघून गेला. खारीने वाटी पाठीवर घेतली आणि तिवरांतून वाट काढत ती कासवाकडे पोचली. लांबूनच नमस्कार करून तिने वाटी त्याच्यापुढे ठेवली.

"आजोबा, तुमची वाटी बघून मी ही केली. तुम्हाला न विचारता केली. राग आला असेल तर इथेच फोडते."

कासवाने मान बाहेर काढली, वाटी उलटीसुलटी केली. बुडाशी काही खूण नाही हे पाहिले. "पाकळ्या छान आल्यात. मी त्या कमळाकडून घेतल्या. तेव्हा मीही विचारायला गेलो होतो, पण कमळ काही बोललं नाही."

खारीला हसू आले. जरा धीर आला. "पण आजोबा, ही बुडत नाही. भोक अगदी तुमच्या मापाचं आहे, तरीही."

"तिथंच तर चुकलीस. माझं शिंपलं जड, तुझी करवंटी हलकी. माझं माप तुझ्या वाटीला कसं चालेल? रूप माझं घे, माझी ना नाही. भोक तुझं तू शोध. आणि शोधलंस की खूणही तुझीच घाल. चुकली तर लोक तुझ्याकडे येतील, बरोबर आली तरी तुझ्याकडेच येतील."

खार परत आली ती कामालाच लागली. रोजच्या ओहोटीला वाटी सोडायची आणि ती बुडेपर्यंत बसून राहायचे. बुडाल्यावर वाट पाण्याखाली जायच्या आत पोरांना बेटावरून यायला पुरेल एवढा वेळ उरला पाहिजे. ते कसे पाहणार? बेटाइतक्याच अंतरावर काठाकाठाने तिने एक दगड ठेवला होता. वाटी बुडाली की मुंगूसमावशी त्या दगडापासून चालत येई.

"जांभळं खाऊन पोट तुडुंब झालेल्या पोराच्या चालीनं चाल गं मावशी," खार सांगे.

"उपाशीपोटी तसं चालायचं म्हणजे नाटकच आहे बाई," असे म्हणत मुंगूसमावशी डुलत डुलत येई.

भोक खारीने दातांनी कणाकणाने मोठे केले. एकदा ते जास्तच मोठे झाले आणि वाटी पटकन बुडाली. तिने नवी करवंटी घेतली. एक तडकली, तिने आणखी एक घेतली. शेवटी एक दिवस वाटी बुडाली, मुंगूसमावशी सावकाश चालत आली आणि वाळूची वाट अजून कोरडी होती. खारीने डोळे मिटून हात जोडले. मग वाटी पालथी केली आणि देवाने तिच्या पाठीवर दिल्या होत्या तशा तीन रेघा बुडाशी ओढल्या.

दुसऱ्या दिवशी आभाळ काळेभोर होते, पण पोरे थांबायला तयार नव्हती. मुंगूसमावशी पुढे, मागे सशाची पोरे आणि खारीची तीन पिल्ले, अशी सगळी वाळूवरून बेटाकडे निघाली. खारीने काठाशी एका खळग्यातल्या संथ पाण्यात वाटी सोडली. तिच्या पोटात सकाळपासून काही नव्हते.

तेवढ्यात गंमत बघायला मोर आला. येताना ढोलीतून आपली वाटीही घेऊन आला होता. "म्हटलं, एकदा होऊनच जाऊ दे. खरी कोणती नि करवंटी कोणती, कळेल सगळ्यांना." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने ती पाण्यात, खारीच्या वाटीशेजारी, सोडली. दोन्ही वाट्या बहिणीबहिणींसारख्या दिसत होत्या.

बराच वेळ गेला. खारीची वाटी काठापर्यंत भरली, कलली आणि बुडाली.

खार उठली. मोर म्हणाला, "थांब. माझी बघ, अजून तरंगतेय. कासवाची वाटी कधी चुकलीय का? पोरं कुठे आत्ता खायला लागली असतील. उगाच अर्धपोटी परत बोलावू नकोस."

खारीने पाण्याकडे पाहिले. कुठेही काही दिसत नव्हते. वाळू कोरडी, खाडी शांत. क्षणभर तिचे मन डळमळले. कासवाचे नाव केवढे मोठे, आपली ती करवंटी. आणि पोरे खरेच कितीतरी दिवसांची भुकेली होती. पण मग तिला काठाकाठाने डुलत येणारी मुंगूसमावशी आठवली. इतक्या ओहोट्या आपण इथेच बसून काढल्या, प्रत्येक वेळी पाणी डोळ्यांनी पाहिले. ही वाटी आपल्याला ठाऊक आहे. मोराची वाटी कासवाला ठाऊक असेल, पण कासव इथे नाही.

"मोरदादा, पोरं उद्या पुन्हा जातील," ती म्हणाली आणि सरसर माडाच्या शेंड्यावर चढली. तिने अशी चिर्र हाक घातली की खाडीवरचे बगळे उडाले.

बेटावर धावपळ उडाली. मुंगूसमावशीने पोरांना पुढे घातले. ती सगळी मोठ्या पोटांनी, जांभळ्या तोंडांनी वाळूवरून येऊ लागली. सर्वांत मागे खारीचे धाकटे होते. मावशीने त्याला मानेला धरून काठावर ठेवले, आणि पाठीमागे वाळूवर पाण्याची एक चपटी जीभ आली. पाहता पाहता वाट नाहीशी झाली.

मोराची वाटी अजून तरंगत होती.

मोर पुढे झाला. त्याने वाटी उचलून पालथी केली. भोकात कुंभारमाशीने मातीचे घर बांधले होते. ढोलीत पडून राहिलेली, कोणी न पुसलेली वाटी. माशीला आयती जागा मिळाली होती. मोराने वाटी खारीपुढे धरली. त्याची मान खाली होती.

"खारूताई, मी तुला थांबवत होतो. तू थांबली असतीस तर..."

"थांबले नाही ना," खार म्हणाली. "आणा ती इकडे." तिने काडीने माती काढली, भोक स्वच्छ केले. "कासवआजोबांच्या हाताला काही झालेलं नाही, दादा. वाटीला फक्त पाणी हवं होतं."

दुसऱ्या दिवशी दोन्ही वाट्या पुन्हा शेजारी सोडल्या, आणि दोन्ही एकदमच बुडाल्या. हे ऐकून कासव स्वतः तिवरांतून हळूहळू चालत आले. त्याने खारीची वाटी पालथी करून तीन रेघांवरून नखे फिरवली. "माझं रूप घेतलंस आणि माझं नाव सांभाळलंस," एवढेच ते म्हणाले. त्या दिवसापासून मोराची वाटी रोज पाण्यात उतरू लागली, आणि मोर पूर्वीपेक्षा जास्तच ऐटीत तिच्याजवळ उभा राहू लागला.

चार दिवसांनी कोल्हा आला. या वेळी जिभल्या चाटत नव्हता. "खारूताई, टेकडीपलीकडे आमच्या ओढ्यातही भरतीचं पाणी अचानक चढतं. माझीही पिल्लं पलीकडे खेळतात. एक वाटी करून देशील? तीन रेघांचीच दे."

"देईन की. पण पाण्यात सोडायची हं, कोल्होबा. आणि तुमच्या ओढ्याचं भोक तुमच्या ओढ्यावर बसूनच शोधावं लागेल. मी येईन."

हे झाले नंतरचे. पोरे पहिल्यांदा परत आली त्या दिवशी मात्र धाकट्याने गालात लपवून आणलेले एक जांभूळ आईच्या हातावर ठेवले. जरा चेपले होते, पण गोड होते. खारीने त्यातला अर्धा भाग माडाच्या बुंध्याशी ठेवला, ढगांमागच्या सूर्याला हात जोडले, आणि मग उरलेले अर्धे सावकाश खाल्ले.

तात्पर्य : थोरांच्या कामाचे रूप आदराने घेण्यात कमीपणा नाही, मात्र त्यावर नाव आपले घालावे आणि कष्टही आपले घालावेत. वस्तू कोणाची आहे यापेक्षा ती गरजेच्या घडीला खरी उतरते का, यावरच तिचे मोल ठरते.