बारा शब्दांची भीक

"आणि नोटाच राहिल्या नाहीत, तर अडलं काय कोणाचं? सांगा ना बाबा."

देवेश गावंडेचा हा सातवा प्रश्न. आधीच्या सहांची उत्तरं त्याने स्वतःच देऊन टाकली होती, म्हणून लतीफबाबा गप्प बसले होते.

चिंचेखाली या फकीरबाबांची चटई. समोर कुरणखेड्याचा गुरुवारचा बाजार, डोक्यावर चैत्राचं ऊन.

"अडत नाही," बाबा म्हणाले. "कोनाचंच काही अडत नाही. सूर्य उगवते."

देवेशला हा होकार वाटला. ज्याला हो ऐकायचंच असतं, त्याला कोंबड्याच्या आरवण्यातही हो ऐकू येतं.

आणि त्याला बाबांचा हो आजच हवा होता. पुण्यात चार वर्षं कॉम्प्युटरपुढे काढून गडी गावी परतला, तो एकच गोष्ट डोक्यात घेऊन. कुरणखेड्याच्या बाजारातून नोटा आणि नाणी हद्दपार करायची. भाजी असो, बांगड्या असोत, बोकड असो, सगळा व्यवहार क्रिप्टोत. बाजारकऱ्यांनी त्याचं तासभर ऐकलं, माना डोलावल्या, त्याला चहा पाजला आणि शेवटी म्हणाले, "लतीफबाबा हो म्हनन, तं आमी हो."

बाबांना घर नाही, खातं नाही, मागे कोणी वारस नाही. पैशाबद्दल विचारायचं तर ज्याला तो नकोच आहे त्याला विचारावं, एवढी अक्कल बाजाराला होती. देवेशला ती मागासलेली वाटली, पण करतो काय.

"फोनवरून तं आताबी देतेत लोक," बाबा म्हणाले. "तो उसाच्या रसवाला काळा चौकोन टांगून बसला."

"ते बँकेचे पैसे झाले. बँक बसली की पैसा बसला. हे वेगळं आहे, बाबा. याला बँक नाही, सरकार नाही, कोणी साहेब नाही."

"बनवते कोन?"

"कोणी एक जण नाही."

"राखते कोन?"

"सगळे मिळून."

"हाताले लागते?"

"नाही."

"मंग हाये, हे कशावरून?"

"विश्वास ठेवावा लागतो."

बाबांनी दाढीवरून हात फिरवला.

"चाळीस वर्षं झाली, मी लोकाइले हेच सांगून राहिलो. कोनी ऐकलं नाही. तुह्यं ऐकतेत?"

देवेशला हसू आलं. म्हातारा वाटतो तेवढा साधा नाही, हे त्याला त्याच क्षणी कळायला हवं होतं. पण अर्ध्या हळकुंडाने पिवळ्या झालेल्याला दुसऱ्याचा रंग कुठे दिसतो?

"ऐकतात तर," तो म्हणाला. "माझ्या आईने ऐकलं. साठवलेले सगळे पैसे माझ्या हवाली केले."

ते खरं होतं.

बाजाराच्या उत्तर टोकाला, गोणपाटावर वाळल्या मिरच्यांचे ढीग मांडून बसते ती पंचफुलाबाई, देवेशची आई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डावा गेलाच आहे, उजव्यात धुकं. मिरची लवंगी की बेडगी, ती वासावरून सांगते. नोट बोटाने मापून घेते, नाणं अंगठ्याने. ऑपरेशनसाठी तिने आठ वर्षं पैसे साठवले आणि गेल्या दिवाळीत लेकाच्या हातात दिले. देवेश म्हणाला, दोन महिने दे, वाढवून देतो.

वाढले. वाढले म्हणून तो थांबला. मग पडले. पडले म्हणून थांबला. आता पुन्हा वाढले होते, आणि वाढत्या भावात काढणं म्हणजे मूर्खपणा, हे तर शेंबडं पोरही सांगेल. अकोल्याच्या डॉक्टरांनी दिलेल्या दोन तारखा अशाच गेल्या. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी तारीख दिली नाही. म्हणाले, मोतीबिंदू फार पिकलाय, पावसाळ्याआधी आणलं तर उजवा वाचेल, पुढचं मी सांगत नाही.

"किती झाले बुढीचे?" बाबांनी विचारलं.

"दीडपट."

"बरं झालं. आता तिले दीडपट दिसत असन."

देवेशने फोनवर भाव पाहिला.

"थोडं थांबलं की दुप्पट होतील, बाबा. मग मुंबईचाच डॉक्टर बघतो की. ते जाऊ द्या. तुम्ही हो म्हणा, लोक थांबलेत."

"म्हनतो. पन रिकाम्या झोळीनं फकिराचं तोंड उघडत नाही. आधी भीक घाल."

देवेशने खिसे चाचपले नाहीत. त्याला खात्री होती. दोन वर्षं झाली, खिशात एक नाणं बाळगलं नव्हतं, आणि हे तो भेटेल त्याला सांगत असे. काही जणांना दोनदा.

"रोख नाही. पण याच्यातूनच घालतो," तो म्हणाला, आणि त्याला वाटलं, नाही तरी हीच संधी आहे.

बाबांकडे फोन नव्हता. त्याने आपल्याच फोनवर बाबांच्या नावाचं पाकीट उघडलं, त्यात शंभर रुपयांचं क्रिप्टो टाकलं, आणि पाकिटाची किल्ली म्हणून पडद्यावर उमटलेले बारा शब्द चिठ्ठीवर उतरवून ती झोळीत टाकली.

लतीफबाबांच्या झोळीचे दोन कायदे कुरणखेड्यात सगळ्यांना पाठ आहेत. झोळीत पडलेलं सूर्य मावळायच्या आत कोणाच्या तरी पोटात गेलं पाहिजे. आणि झोळीत पडलेलं परत निघत नाही. एका सावकाराची सैल अंगठी एकदा पीठ घालताना घसरून आत गेली. सावकार कसला होता हे गावाला विचारा, पण तोही हात चोळत घरी गेला; झोळीत हात घालायची त्याची छाती झाली नाही.

"वाचता येत नाही मले," बाबा म्हणाले. "एकडाव म्हनून दाखव."

देवेशने आजूबाजूला पाहिलं, बाबांच्या कानाशी लागून बारा इंग्रजी शब्द म्हणून दाखवले. बाबांनी डोळे मिटून ऐकले. लहानपणी अख्खं कुराण पाठ केलेला माणूस तो. त्याला बारा शब्दांचं काय ओझं?

"आता हे कोणालाही सांगायचे नाहीत," देवेश म्हणाला. "विसरलात तर पैसे गेले. आणि दुसऱ्याला कळले तर त्याचे झाले."

"ज्याले कळन, त्याचे?"

"हो."

"कोनीबी असो?"

"कोणीही. म्हणून तर..."

बाबा उठून उभे राहिले. झोळी खांद्यावर टाकली, एक हात कानावर ठेवला आणि रोज भीक मागतात त्याच खड्या आवाजात, त्याच चालीवर सुरू झाले.

"टायगर... मँगो... विंटर... इस्पून... भुकेल्यानं ऐका रे भौ... शंभराची भीक हाये... घ्या कोनीबी..."

बाजार थबकला.

"बाबा, मँगो हाये इथं," कैरीवाली ओरडली. "अर्धा किलो देऊ काय?"

"रिबन... कॅसल..."

लोक हसत होते. हसत नव्हता तो एकटा मोबाईलची कव्हरं विकणारा इरफान. त्याने कानावरचं पेन काढलं आणि तळहातावर लिहायला लागला.

देवेशने ते पेन पाहिलं, आणि मग जे केलं ते त्याने केलं असं म्हणता येणार नाही. त्याच्या अंगठ्याने केलं. पापणी लवायच्या आत चार ठिकाणी टेकला अंगठा, आणि बाबांचं पाकीट रिकामं.

"थांबा बाबा. काढले मी."

बाबांचा आवाज थांबला.

"कुठी गेले?"

"माझ्याकडे. सुरक्षित आहेत."

"झोळीतून?"

देवेशने फोन खिशात घातला.

इरफानने तळहात पँटला पुसला. कैरीवाली खाली बघून कैऱ्या पुसू लागली.

"मी... परत टाकतो. शंभर नाही, हजार टाकतो बाबा."

बाबा चटईवर बसले. झोळी त्याच्याकडच्या बाजूने उचलली आणि दुसऱ्या बाजूला ठेवली. एवढंच.

देवेशचे कान तापले होते. मान वर होईना. त्यामुळे समोरून कोण येतंय हे त्याला आधी पायांवरून कळलं. काळे, भेगाळलेले, जमीन चाचपत टेकणारे पाय.

पंचफुलाबाई रसाच्या दुकानाच्या दोरीला धरून चिंचेपर्यंत आली. थांबली. सावली लागली तशी तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बाबा, आज कोनत्या भाषेत भीक मांगून राहिले तुमी? मले काई समजलं नाही. म्हटलं, लयच भूक लागली असन."

कनवटीतून तिने नाणं काढलं. अंगठा त्याच्या कडेवरून फिरवला, एकदा, सावकाश.

"पाचाचं हाये."

आणि आवाजाच्या अंदाजाने हात पुढे करून झोळीत टाकलं. देवेशच्या गुडघ्यापासून तिचा हात एका वितीवर होता.

"बस बाई," बाबा म्हणाले.

"बसत नाही. मिरच्या उघड्या हायेत." पण ती गेली नाही. "बाबा, माहा देवेश येनार होता तुमच्याकडं. आल्ता काय?"

बाबांनी देवेशकडे पाहिलं. देवेशने श्वास धरला होता.

"काहून? काय काम हाये?"

"त्याले हो म्हना. ते काय हाये ते मले समजत नाही, पन पोट्टं लय धडपडून राहिलं. तुमी नाही म्हटलं तं लोक हासतीन त्याले."

"अन् तुह्या डोळ्याचं?"

"होईन की. थांब म्हनते तो... थांबते मी."

पाखरांनी चिंचेत कलकलाट केला. तो थांबला तेव्हा म्हातारीने मान तिरपी केली.

"कोन बसलं हाये जवळ? उसासा आला."

देवेशच्या ओठांवर 'आई' आलं होतं. पण मग तिला कळलं असतं की तो इतका वेळ इथेच होता.

"हाये एक जन," बाबा म्हणाले. "रस्ता इचारून राहिला."

"नीट सांगा त्याले. परका मानूस, उन्हात फिरन बिचारा."

ती वळली. दोरी सापडायला तिला तीनदा हात फिरवावा लागला. मग सापडली.

बाबांनी फुटाणेवाल्याला हाक मारली. पंचफुलाबाईचं पाचाचं नाणं त्याच्या टोपलीत गेलं, आणि कागदाच्या पुडीत गरम फुटाणे आले. बाबांनी अर्धे स्वतःच्या तळहातावर घेतले, अर्धे देवेशच्या.

"खा."

"मला नको, बाबा."

"झोळीतलं हाये. मावळतीच्या आत कोनाच्या तरी पोटात गेलं पाहिजे. खा."

देवेशने तोंडात टाकले. चावत राहिला. बाबा सालं फुंकत शांतपणे खात होते.

पलीकडे रसवाला, कैरीवाली, बोकडवाला, सगळे इकडे बघत होते. एकाने हातानेच विचारलं... काय झालं?

देवेशने फोन हातात घेतला. काळ्या काचेत त्याला स्वतःचाच चेहरा दिसला. त्याने तो पालथा मांडीवर ठेवला.

"बाबा," तो म्हणाला. "लोक वाट बघतायत. त्यांना काय सांगू? हो... की नाही?"

बाबांनी हात झटकले.

"मले काहून इचारतं? बुढीले दिसू दे. मंग तो फोन तिच्या हाती दे, अन् तिलेच इचार."